वॉश आणि ग्लेझ: रंग दोन्ही पातळ, कामं वेगळी

नागपूरची सीताबर्डीची लढाई छोट्या सैनिक-प्रतिकृतींनी टेबलावर मांडायची म्हटली की दोन तऱ्हेचे सैनिक रंगवावे लागतात. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला टेकड्यांवर होते इंग्रजांच्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या २० व्या आणि २४ व्या पलटणीचे लाल कोटवाले शिपाई. समोर नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची फौज, आणि त्यात अरब पायदळ. २८ मिलिमीटरच्या या फिगर्सवर पातळ रंग दोन वेगळ्या कामांसाठी लागतो: वॉश आणि ग्लेझ. वाटीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवखे एकाच्या जागी दुसरा लावून बसतात.

वॉश खाचेत उतरतो. उंचवट्यावरून घरंगळून तो कोटाच्या घडीत, बोटांच्या फटीत, पट्ट्याच्या कडेला साचतो आणि तिथे सावली पाडतो. ग्लेझ मात्र लावला तिथेच थांबायला हवा. त्याचं काम सावलीचं नाही. खालच्या रंगावर पारदर्शक थर चढवून छटा बदलायची, किंवा दोन छटांमधली ठळक रेघ विरवायची. खरा फरक बाटलीवरच्या नावात कमी आणि ब्रशवर किती रंग आहे यात जास्त आहे. वॉशला ब्रश भरलेला लागतो. ग्लेझला तो टिश्यूवर टिपून घेतलेला, जेमतेम ओला.

घरी बनवताना वॉशसाठी १ थेंब रंग, ३ थेंब मॅट मीडियम (रंग पातळ करायचं, चमक नसलेलं पारदर्शक द्रावण), ५-६ थेंब पाणी. मीडियम वगळून नुसतं पाणी वाढवलं की रंगाला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो, रंगकण कडेला सरकतात आणि वाळल्यावर डागाभोवती कडं उमटतं. ग्लेझसाठी १ थेंब रंग, ४ थेंब ग्लेझ मीडियम, २ थेंब पाणी. छापील कागदावर एक पट्टा ओढून पाहा: अक्षरं नुसती रंगली, पण स्पष्ट वाचता आली, तर जमलं. कॅनव्हाससाठीचे ट्यूबमधले जाडसर रंग इथे टाळलेले बरे, एवढ्या लहान चेहऱ्यावर त्यांचे कण दिसतात. बोअरिंगचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढुरकी पुटं धरतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा.

आता एक लाल कोट घेऊ. मूळ लाल रंग पूर्ण वाळला की त्यावर गडद लालसर तपकिरी वॉश द्या. काळा नको; लालवर काळा काजळी बसल्यासारखा दिसतो. २ नंबरच्या ब्रशने आधी एक बाही, मग छाती, मग पाठ, असं भागाभागाने वरून खाली या. कोपराच्या आतल्या बाजूला आणि छातीवरच्या तिरप्या पट्ट्यांखाली थेंब साचतोच. अर्ध्या मिनिटाच्या आत स्वच्छ, किंचित ओल्या ब्रशच्या टोकाने तो शोषून घ्या. त्यानंतर हात लावायचा नाही, कारण अर्धवट वाळलेला थर ब्रशला चिकटून सोलून निघतो आणि खालचा लाल उघडा पडतो. पांढरे पट्टे वॉश वाळल्यावरच रंगवा. आधी रंगवले तर वॉश त्यांच्यावर ओघळतो आणि सगळं पुन्हा पांढरं करत बसावं लागतं.

अरबांच्या सैल, फिकट कपड्यांना फिका तपकिरी वॉश सुरेख बसतो, कारण घड्या खोल असतात. सपाट जागी तोच वॉश डाग पाडतो. पृष्ठभाग खरबरीत मॅट असेल तर वॉश सगळीकडे अडकतो आणि पूर्ण फिगर मळकी होते. आधी सॅटिन, म्हणजे किंचित चमकदार, वॉर्निशचा हात दिला की तो नीट खाचेत जातो.

ग्लेझची मजा चेहऱ्यावर आहे. त्वचेचा रंग, वॉश आणि उजळ भाग झाले की गालांवर आणि बोटांच्या पेरांवर विटकरी ग्लेझ, हनुवटीवर करडा-निळा. ब्रश उचलता तिथे रंग जास्त पडतो, म्हणून फटकारा गडद हव्या असलेल्या जागेकडेच संपवा. एका थरात काहीच झालं नाही असं वाटेल, वाटू द्या. तीन-चार पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर. घाईने जाड थर दिला तर तो ओघळून खाचेत जातो, म्हणजे नकळत वॉशच होतो.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे असताना, ग्लेझ ब्रशवरच वाळतो. स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर अशी ओली पॅलेट करा आणि मिश्रणात ड्राइंग रिटार्डरचा, म्हणजे रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाका. एकच, जास्त झाला तर थर चिकट राहतो. वॉशवर कूलरचा थेट झोत येऊ देऊ नका, कडा आधी वाळून कडं पडतं.

२४ शिपायांची तुकडी असेल तर सगळ्यांना वॉश द्या, ग्लेझ फक्त अधिकारी, निशाणधारी आणि पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यांना. दोन-तीन फुटांवरून वॉशची सावली दिसते, ग्लेझची छटा जवळून पाहणाऱ्यालाच कळते. शेवटी मॅट वॉर्निश. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत स्प्रे मारू नका, लाल कोटावर पांढरट धुकं येतं. तेव्हा ब्रशने लावायचं वॉर्निश वापरा.