कापसाच्या गाठीपासून तणसाच्या गाठीपर्यंत : बेलरच्या सुरक्षिततेची पार्श्वभूमी

धानाचे तणस आणि सोयाबीनचे कुटार यांच्या गाठी बांधणारे बेलर विदर्भाच्या शिवारात दिसू लागले ते अलीकडे. गाठी बांधण्याचा उद्योग मात्र येथे शतकाहून जुना आहे. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. मोकळी रुई वाहतुकीत फार जागा अडवते, म्हणून ती दाबून बांधणारे प्रेस अकोला, अमरावती, हिंगणघाट अशा पेठांमध्ये उभे राहिले.

हे काम चार भिंतींच्या आत चालत असल्याने त्यातील धोक्याकडे कायद्याचे लक्ष गेले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २७ नुसार, कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारा ओपनर ज्या भागात चालू असेल, त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवण्यास मनाई होती. यंत्राचे कापूस घेणारे तोंड छतापर्यंतच्या भिंतीने वेगळे केलेले असेल, तरच त्या बाजूला त्यांना काम देता येई. फिरत्या भागांना कुंपण हवे आणि चालू यंत्राजवळ जाणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर हवेत, हेही त्याच कायद्यात होते.

शेतातल्या यंत्रांना असे संरक्षण उशिरा मिळाले, आणि तेही अर्धेच. मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात वाढल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम आला आणि चालकाला भरपाईचा हक्क मिळाला. पेंढी आत सरकवण्याची नळी किमान ९०० मिलिमीटर लांब असावी, असे मळणी यंत्रांच्या भारतीय मानकात ठरले, म्हणजे माणसाचा हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचणार नाही. मात्र कायद्याच्या व्याख्येत नावानिशी आले ते मळणी यंत्रच. इतर यंत्रे केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे जोडायची होती.

बेलर या व्यवस्थेच्या कडेला उभा आहे. गोल गाठींच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १९१० मध्ये घेतले गेले आणि मोठ्या गोल गाठी बांधणारे यंत्र तेथे १९७१ मध्ये बाजारात आले. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद बेलरला पोहोचवणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावरचे प्लास्टिकचे कवच फुटलेले असेल, तर दुपट्ट्याचे टोक सोडवायलाही वेळ मिळत नाही. खरा धोका तणस अडकते तेव्हा असतो. ओलसर तणसाचा बोळा तोंडाशी अडतो, रोलर चालूच राहतात आणि माणूस बोळा ओढायला वाकतो. बोळा मोकळा होताच रोलर तो हातासकट आत खेचतात, कारण मूठ उघडण्याच्या वेगापेक्षा त्यांचा वेग जास्त असतो. म्हणून पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून, किल्ली खिशात ठेवून आणि रोलर पूर्ण थांबल्यावरच हात घालायचा, हा जगभरचा नियम आहे. मागचे दार उघडून जाळी किंवा सुतळी सोडवताना उघडे दार वरच अडकवून ठेवणारे कुलूपही लावावेच लागते, एरवी हायड्रॉलिक दाब सुटला की दार अंगावर येते.

नियम साधा असला तरी भाड्याच्या बेलरवर तो पाळणे अवघड जाते. मजुरी गाठीमागे ठरत असेल, तर इंजिन बंद ठेवलेला प्रत्येक क्षण चालकाच्या कमाईतून जातो. शिवाय शेतकरी अपघातासाठी राज्याची जी सानुग्रह अनुदान योजना आहे, ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. बेलरमागे गाठी उचलणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही.