१९७३ : विम्बल्डनकडे पाठ फिरवलेला मोसम

दर सोमवारी एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार पाहणाऱ्या संघटनेची, नवी क्रमवारी लागते. कोण पहिला, कोण पहिल्या दहात शिरला, कोण शंभराच्या बाहेर घसरला, यावरूनच आपण मोसम वाचतो. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात, मधलं २०२१ सोडून, एटीपीची स्पर्धा व्हायची. तिथेही मुख्य फेरीत थेट कोण आणि पात्रता फेरीचा उंबरठा कोणी झिजवायचा, हे त्या आकड्यांवरूनच ठरायचं. आकडा तोकडा पडला की मग वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांची मर्जी. १९७३ च्या ऑगस्टपर्यंत जवळपास सगळाच कारभार मर्जीचा होता. तो मोसम रुमानियाच्या इली नस्तासेचा म्हणून सांगतात, ऑस्ट्रेलियाच्या जॉन न्यूकोम्बचा म्हणूनही सांगता येईल. माझ्या मते तो युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिचचा होता, आणि पिलिचने त्या वर्षी एकही ग्रँड स्लॅम, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, जिंकलं नव्हतं.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. हौशी म्हणजे कागदोपत्री. खर्चाच्या नावाखाली टेबलाखालून पाकिटं सरकत, आणि ते सगळ्यांना ठाऊक असे. ज्याने उघडपणे पैसे घेतले तो व्यावसायिक ठरला, त्याला दारं बंद. रॉड लेव्हरने १९६२ मध्ये चारही ग्रँड स्लॅम जिंकली आणि व्यावसायिक होताच पुढची पाच वर्षं तो विम्बल्डनच्या बाहेर राहिला. पांचो गोन्झालेसची तर उमेदीची जवळजवळ दोन दशकं अशीच गेली. हा दांभिकपणा मोडायला पुढे आला तो खुद्द विम्बल्डन भरवणारा ऑल इंग्लंड क्लब. त्याचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनी हौशीपणाला ‘जिवंत खोटेपणा’ म्हटलं होतं. १९६८ च्या एप्रिलमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली, त्या वर्षी विम्बल्डनही खुलं झालं, लेव्हर परतला आणि जिंकला. बक्षीस होतं २,००० पौंड. पाच वर्षांनी खेळाडूंचा मोर्चा वळला तो याच क्लबकडे, तेव्हाही अध्यक्ष डेव्हिडच होते. क्लबच्या वाट्याला हे यावं, हा जरा अन्यायच.

दारं उघडली, पण किल्ल्या कोणाकडे हा वाद संपला नाही. टेक्सासचे तेलसम्राट लमार हंट यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस या मंडळीने बिनीचे खेळाडू कराराने बांधून घेतले होते. त्यांच्या सुरुवातीच्या आठ शिलेदारांना ‘हँडसम एट’ म्हणत; न्यूकोम्ब, रोश, ड्रिस्डेल यांच्यासोबत पिलिचही त्यात होता. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय संघटना आणि त्यांची आंतरराष्ट्रीय शिखर संघटना. १९७२ मध्ये या शिखर संघटनेने करारबद्ध खेळाडूंवर बंदीच घातली, त्यामुळे १९७० आणि १९७१ चा विजेता जॉन न्यूकोम्ब विम्बल्डनला येऊच शकला नाही. पुढे तह झाला. वर्षाचे पहिले चार-पाच महिने हंटचे, उरलेले शिखर संघटनेच्या ग्रां प्री मालिकेचे. दोघांच्या या वाटणीत खेळाडूंना कोणी विचारलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात, फॉरेस्ट हिल्सला अमेरिकन ओपन चालू असताना, खेळाडूंनी आपली संघटना काढली. तीच एटीपी. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचा क्लिफ ड्रिस्डेल, कार्यकारी संचालक जुना विजेता जॅक क्रेमर, कायद्याची बाजू डोनाल्ड डेल यांच्याकडे.

१९७३ चा मोसम तसा शांतपणे सुरू झाला. न्यूकोम्बने मेलबर्नला न्यूझीलंडच्या ओनी पारूनला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन घेतलं. मे महिन्यात डॅलसला हंटच्या मालिकेची अंतिम फेरी झाली, त्यात स्टॅन स्मिथने आर्थर अ‍ॅशला हरवलं.

त्याच महिन्यात झाग्रेबला युगोस्लाव्हिया आणि न्यूझीलंड यांच्यात डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेची, लढत होती. पिलिच आला नाही. युगोस्लाव्हियाच्या टेनिस संघटनेचं म्हणणं, त्याने शब्द दिला होता. पिलिच म्हणाला, शब्द बिनशर्त नव्हता; दुहेरीच्या एका व्यावसायिक स्पर्धेशी आपण आधीच बांधील होतो. युगोस्लाव्हिया हरला आणि संघटनेने त्याला नऊ महिन्यांसाठी निलंबित केलं. संघटनेचे अध्यक्ष त्याच्या नात्यातले होते म्हणे, म्हणजे घरातल्या भांडणाचीही थोडी फोडणी. पिलिचने दाद मागितली. निकाल लागेपर्यंत खेळायची मुभा होती, तेवढ्यात हा बाबा पॅरिसला फ्रेंच ओपन खेळायला गेला आणि थेट अंतिम फेरीत पोचला! तिथे मात्र इली नस्तासेने त्याला ६-३, ६-३, ६-० असं गुंडाळलं. नस्तासेने ती अख्खी स्पर्धा एकही सेट न गमावता जिंकली. लगेच रोमला मानुएल ओरांतेसचा त्याने तीनदा ६-१ असा फडशा पाडला. लाल मातीवर त्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर उभं राहणं कठीण होतं.

शिखर संघटनेने पिलिचची शिक्षा नऊ महिन्यांवरून एका महिन्यावर आणली. ऐकायला हे उदार वाटतं. पण तो एक महिना नेमका विम्बल्डनला गिळणारा होता. एटीपीचा मुद्दा सरळ होता : स्वतःच्या पोटापाण्याचं कुठे खेळायचं हे व्यावसायिकाने ठरवायचं की राष्ट्रीय संघटनेने? ‘पिलिच नाही तर आम्ही नाही.’ प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं, तिथे एटीपी हरली आणि खर्चही तिच्या अंगावर आला. स्पर्धा तोंडावर आलेली. बहिष्कार मागे घ्यायचा का, यावर एटीपीच्या मंडळात मतदान झालं. क्रेमर, अ‍ॅश आणि जिम मॅकमॅनस बहिष्कारावर ठाम. स्मिथ, मार्क कॉक्स आणि जॉन बॅरेट खेळण्याच्या बाजूने. तीन विरुद्ध तीन. अध्यक्ष ड्रिस्डेल तटस्थ राहिला, आणि बहिष्कार कायम राहिला.

या प्रसंगात मला सगळ्यांत मोठा वाटतो तो स्टॅन स्मिथ. गतविजेता, पहिलं मानांकन, स्वतःचं मत खेळण्याच्या बाजूने पडलेलं. तरी बहुमत नव्हे, नुसती बरोबरी झाल्यावर त्याने निमूटपणे नाव मागे घेतलं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी विम्बल्डनचा विजेता आपलं विजेतेपद राखायला उतरलाच नाही. एकूण ८१ खेळाडू बाहेर राहिले, १६ मानांकितांपैकी १३ त्यांत होते. एटीपीचे सभासद असून खेळले ते तिघंच : ब्रिटनचा रॉजर टेलर, ऑस्ट्रेलियाचा रे केल्डी आणि नस्तासे. नस्तासे रुमानियाच्या लष्करी क्लबचा. वरून हुकूम आहे, माझा इलाज नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तिघांनाही एटीपीने दंड ठोकला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी क्रेमरला खलनायक करून टाकलं, आणि बीबीसीवरचं समालोचन त्याच्या हातून गेलं.

मग विम्बल्डन ओस पडलं का? अजिबात नाही. तीन लाखांहून जास्त प्रेक्षक आले. पात्रता फेरीत हरलेले कितीतरी जण लकी लूझर म्हणून आत आले, मानांकनं सोळाऐवजी आठच उरली. नस्तासे अव्वल, त्यामुळे आता हा जिंकणार असं सगळ्यांनी धरलं, आणि चौथ्या फेरीत सँडी मायर या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने त्याला घरी पाठवलं. १७ वर्षांचा ब्योन बोर्ग उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि शाळकरी मुलींनी त्याला अक्षरशः घेरलं. टेलरने त्याला पाच सेटमध्ये थोपवलं.

आपल्यासाठी त्या आठवड्याचा सामना वेगळाच. १९ वर्षांचा विजय अमृतराज उपांत्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोदेशसमोर दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. शेवटी पाचवा सेट कोदेशने ७-५ असा काढला. मैदान पोकळ होतं म्हणून पोरगा इतका पुढे गेला, असं नाक मुरडणारे तेव्हाही असतील. त्यांना उत्तर मिळायला दोन महिनेही लागले नाहीत. ब्रेटन वूड्सला अमृतराजने अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सला हरवून विजेतेपद घेतलं, आणि अमेरिकन ओपनमध्ये, जिथे सगळे हजर होते, तिसऱ्या फेरीत रॉड लेव्हरला पाच सेटमध्ये हरवलं. पुढे केन रोझवॉलने त्याला उपांत्यपूर्व फेरीत अडवलं. वर्षअखेर दिल्लीची ग्रां प्री स्पर्धाही त्याने जिंकली.

कोदेशच्या वाट्यालाही तोच टोमणा आला, आणि त्याच्या बाबतीत तो जास्त चिकटला. अंतिम फेरीत त्याने सोव्हिएत संघाच्या अलेक्स मेत्रेवेलीला ६-१, ९-८, ६-३ असं हरवलं. (तेव्हा विम्बल्डनला सेटचा निकाल लावणारा टायब्रेकर आठ-आठ झाल्यावर खेळत.) प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे शिरून पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्या सामन्याला आणखी एक पदर होता. पण आजही कोदेशचं नाव निघालं की लोक ‘बहिष्काराच्या वर्षीचा विजेता’ म्हणतात. हा माणूस १९७० आणि १९७१ ला पॅरिस जिंकलेला होता, हे विसरलं जातं. त्या सप्टेंबरात फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर उपांत्य फेरीत त्याने मॅचपॉइंट वाचवून पाच सेटमध्ये हरवलं ते स्मिथलाच, आणि अंतिम फेरीत न्यूकोम्बविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढेही होता. न्यूकोम्ब शेवटी जिंकला. त्याला मिळाले २५,००० डॉलर, आणि महिला विजेत्या मार्गारेट कोर्टलाही तेवढेच. ग्रँड स्लॅममध्ये असं समान बक्षीस पहिल्यांदाच दिलं गेलं. विम्बल्डनला त्या वर्षी पुरुष विजेत्याला ५,००० पौंड होते, महिला विजेतीला ३,०००.

बहिष्कारापेक्षा लांबवर पोचलेली गोष्ट मात्र अमेरिकन ओपनच्या थोडी आधी घडली. २३ ऑगस्ट १९७३ रोजी एटीपीने संगणकावर काढलेली पहिली क्रमवारी जाहीर केली. पहिला नस्तासे, मग ओरांतेस, स्मिथ, अ‍ॅश, लेव्हर. तोपर्यंत कोणाला बोलवायचं हे स्पर्धेचे संचालक ठरवत. नाव मोठं, तिकीट खपवणारा चेहरा, संघटनेशी बरे संबंध, काहीही चाले. आता मात्र कोपऱ्यातल्या एखाद्या देशाचा अनोळखी खेळाडू गुण दाखवून प्रवेश मागू शकत होता. पिलिचच्या प्रकरणात न्यायालयात जे मिळालं नाही, ते या यादीने हळूहळू मिळवून दिलं.

यादी निर्दोष नव्हती. मिळालेले गुण खेळलेल्या स्पर्धांनी भागून सरासरी काढत, त्यामुळे जास्त खेळणाऱ्याचं नुकसान व्हायचं. १९७७ मध्ये गिलेर्मो विलासने पॅरिस आणि अमेरिकन ओपन धरून सोळा विजेतेपदं मिळवली, तरी तो एकदाही पहिल्या क्रमांकावर दिसला नाही. अर्जेंटिनाचे लोक त्याबद्दल अजून भांडतात. सरासरीची ती पद्धत १९९० मध्ये गेली. त्याच वर्षी एटीपीने आख्खा दौराच आपल्या हाती घेतला.

मोसम संपला तो नस्तासेच्या नावाने. डिसेंबरात बोस्टनला मास्टर्सच्या, म्हणजे ग्रां प्री मालिकेच्या वर्षअखेरच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत त्याने टॉम ओकरला हरवलं. क्लीव्हलंडला डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ५-० असं धुतलं, कारण त्या वर्षीपासून करारबद्ध व्यावसायिकांनाही डेव्हिस कप खुला झाला होता आणि लेव्हर, न्यूकोम्ब दोघंही उतरले होते. ज्या स्पर्धेला न गेल्यावरून एवढं रामायण घडलं, तिथे लेव्हर आपल्या मर्जीने आला होता.

पिलिच पुढे जर्मनीच्या डेव्हिस कप संघाचा कर्णधार झाला, बोरिस बेकरच्या पिढीला त्याने चषक जिंकून दिले. म्युनिकजवळ त्याने अकादमी काढली. तिथे बेलग्रेडहून बारा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला, नोव्हाक जोकोविच. २०२० मध्ये याच जोकोविचने एटीपी खेळाडूंचं पुरेसं ऐकत नाही म्हणून खेळाडूंची वेगळी संघटना काढायला पुढाकार घेतला. २०२५ च्या मार्चमध्ये त्या संघटनेने एटीपीला न्यायालयात खेचलं.