दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्ग

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारा थेट विमानमार्ग. दोन्ही विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,४०० किमी. भरते, पण प्रत्यक्ष उड्डाण त्याहून बरेच लांबचे होऊ शकते. जास्त अंतर कापूनही लवकर पोहोचता येते, हे या मार्गाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

जवळचे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कळत नाही. त्यासाठी पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर दाबून धरावे आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणावे. दोरा जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरच्या या रेषेला बृहद्‌वृत्त म्हणतात.

एअर इंडियाने ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किमी.चा. ऑक्टोबर २०१६ मध्ये बोईंग ७७७-२००एलआर विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १५,३०० किमी. झाले, म्हणजे १,४०० किमी.ने वाढले, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी पोहोचले. भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी १,०५० किमी.च्या वर जातो. असे विमान एरवी ताशी ९०० किमी.च्या आसपास उडते. त्याहून जादा वेग वाऱ्याने दिलेला. साधारण १० ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा झोतवारा, म्हणजे जेट स्ट्रीम, पाठीशी आला की विमान पुढे ढकलले जाते आणि इंधनही वाचते. समोरून आला की तेवढाच आडवा येतो. हिवाळ्यात त्याचा जोर अधिक असतो. पृथ्वी फिरते म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर संपतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दोन्ही शहरांत हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक पडतो. उन्हाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे सहा वाजलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेल-फ्रीमॉंटला मुलांकडे जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांनी हे आधीच समजून घ्यावे. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारताना घड्याळातला फरक नव्हे, तर घरातून निघाल्यापासूनचे तास सांगावेत. त्यात मुंबई–दिल्ली प्रवास आणि दिल्लीतला मुक्कामही धरावा.

वेळापत्रकातला प्रवासकाळ विमान जागचे हलल्यापासून मुक्कामाच्या जागी थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाण्यातली आणि रांगेतली मिनिटे त्यात येतात, म्हणून हवेतला वेळ नेहमीच थोडा कमी भरतो.

दोन इंजिनांच्या विमानाला अशा निर्जन वाटेवर ठरावीक वेळेच्या आत गाठता येईल असा विमानतळ सतत हाताशी ठेवूनच मार्ग आखावा लागतो. ६ जून २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेले विमान एका इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे सुखरूप उतरवले गेले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी तिथे अडकले. त्यांना नेण्यासाठी दुसरे विमान भारतातून पाठवावे लागले, आणि ८ जूनला ते सारे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले.