प्रवाळ मत्स्यालय

समुद्री प्रवाळ जिवंत राहून वाढावेत यासाठी मांडलेली खाऱ्या पाण्याची टाकी. मासे येथे दुय्यम असतात. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (जीवाणू व सूक्ष्मजीव वसलेला सच्छिद्र प्रवाळखडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर अशी टाकी चालवून दाखवली. आजच्या पद्धतीचे मूळ तेथे आहे.

बहुतेक पाळीव प्रवाळांच्या ऊतींत झूक्झँथेली हे एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशात तयार केलेले अन्न प्रवाळाला पुरवते. म्हणून दिवा हाच त्यांचा मुख्य आहार ठरतो. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि लवणता हजारी ३५ भाग ठेवतात. पाणी फार तापले की शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते.

मोठ्या टाकीचा खरा फायदा म्हणजे तिच्यातले बदल सावकाश होतात. मात्र ५०० लिटरची टाकी काच व खडकांसह ६०० किलोंच्या पुढे जाते, तेव्हा जमीन आणि स्टँड आधी तपासावेत. मीठ आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध) पाण्यातच कालवावे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याचीच घालतात. खाली सम्प (यंत्रे ठेवायची जोडटाकी), त्यात प्रोटीन स्किमर (फेसातून सेंद्रिय कचरा काढणारे यंत्र), आणि टाकीत दिशा बदलत राहणारा जोरदार प्रवाह ही नेहमीची मांडणी. खडक टाकल्यावर अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जीवाणू जमायला काही आठवडे लागतात. या काळात प्रवाळ आणण्याची घाई अक्षम्य आहे.

सर्वांत जास्त लक्ष अल्कलिनिटीकडे (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याकडे) हवे. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन ॲरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा) सांगाडा रचतात. त्यात कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅम घटते तेव्हा अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (हे तिचे एकक) उतरते. कॅल्शियमचा साठा ४०० ते ४५० मिलिग्रॅमचा असल्याने त्याला ही घट जाणवत नाही. अल्कलिनिटी मात्र ८-९ वरून थेट धोक्याच्या पातळीवर येते. प्रवाळ वाढतील तशी मागणीही वाढते. त्यामुळे महिन्यापूर्वी ठरवलेली मात्रा आज पुरेलच असे नाही. चुन्याचे पाणी, दोन द्रावणांची (एक कॅल्शियमचे, एक अल्कलिनिटीचे) मात्रा किंवा कॅल्शियम रिॲक्टर (कार्बन डायऑक्साइडने प्रवाळाचा चुरा विरघळवणारे यंत्र), कोणताही मार्ग चालतो; आकडा स्थिर राहणे महत्त्वाचे. ७.५ वर स्थिर असलेली टाकी ७ ते १० मध्ये हेलकावणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी निरोगी असते.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा अट्टाहासही घातक आहे. प्रवाळ फिकटतात, डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी चिकट थर पसरतो.

सुरुवात सिन्युलेरिया, सार्कोफायटन यांसारख्या मऊ प्रवाळांनी करावी. ॲक्रोपोरा हे नाजूक कठीण प्रवाळ टाकी जुनी झाल्यावरच. झोअँथिड (प्रवाळांचे बटणासारखे दिसणारे नातलग) हाताळताना हातमोजे व चष्मा आवश्यक, कारण काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. झोअँथिड चिकटलेला खडक कधीही उकळू नये. वाफेतून विषबाधा होते. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या (धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील) कराराच्या परवान्याखाली येतो. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचा तोडलेला तुकडा घेतला, तर समुद्रातील वसाहतीला हात लावावा लागत नाही, आणि असा तुकडा टाकीत रुळतोही लवकर.