प्रदर्शन संपल्यावर उरणारं पुस्तक आणि विदर्भातली गावं

कलाप्रदर्शन आठवड्याचं असतं, महिन्याचं असतं, फार तर तीन महिन्यांचं. मुदत संपली की चित्रं उतरतात, भिंतींना पुन्हा पांढरा रंग बसतो आणि त्याच दालनात दुसऱ्या कुणाचं काम लागतं. पुढे त्या प्रदर्शनाबद्दल कुणाला काही जाणून घ्यायचं असेल, तर हाती लागतो तो त्यासोबत छापलेला कॅटलॉग. समकालीन कलेत या पुस्तकाचं वजन गेल्या साठेक वर्षांत इतकं वाढलं आहे की कलेतिहास लिहिणारा माणूस बहुतेक वेळा चित्राआधी कॅटलॉग शोधतो. त्यात ज्याचं नाव, ज्याचं गाव, ज्याच्याबद्दल चार ओळी, तो इतिहासात शिरला. विदर्भातल्या खेड्यांतून निघालेले कलावंत जगातल्या मोठ्या प्रदर्शनांपर्यंत पोचले, हे आनंदाचं आहे. त्यांच्याविषयीची पुस्तकं मात्र त्यांच्या गावात पोचली नाहीत. ही गोष्ट आजकालची नाही, तिची सुरुवात दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमाल यांचं मोठं सरकारी प्रदर्शन भरलं. नागपूरला मध्य प्रांताची राजधानी होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती आणि रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त होते. प्रदर्शनाचा छापील अहवाल निघाला, अर्थातच इंग्रजीत. लगेच पुढच्या वर्षी जबलपुरात प्रदर्शन झालं आणि तिथे कापूस, भांडी, कापड यांच्याबरोबर मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींची माणसंही आणण्यात आली. एका समितीने त्यांची पाहणी केली, भाषा आणि चालीरीती विचारून घेतल्या. त्या समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरातून छापला गेला. त्याच्या लांबलचक शीर्षकात या माणसांचा उल्लेख ‘नमुने’ असा आहे.

आपल्या भागात प्रदर्शनासोबत छापलं गेलेलं साहित्य असं सुरू झालं. ज्यांच्याबद्दल ते होतं त्यांना ते वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी ते वाचावं अशी छापणाऱ्यांची कल्पनाही नव्हती. म्हणून समकालीन कलेच्या पुस्तकांबद्दल बोलताना मला हा अहवाल वगळता येत नाही. कोण लिहितो, कुणाबद्दल, कोणत्या भाषेत आणि प्रत कुणाच्या कपाटात जाते, हे चारही प्रश्न त्यात आधीच आहेत.

युरोपात या पुस्तकाची सुरुवात साधी होती. पॅरिसच्या शाही कला अकादमीने १६७३ च्या प्रदर्शनासाठी चित्रांची एक छोटी छापील यादी काढली. पुढे लंडनच्या रॉयल अकादमीने १७६९ मधल्या आपल्या पहिल्याच प्रदर्शनापासून कॅटलॉग छापला. भिंतीवर क्रमांक आणि हातात यादी, एवढंच तिचं काम. तिला आवाज मिळाला तो १८५५ मध्ये. गुस्ताव्ह कुर्बे या चित्रकाराची मोठी चित्रं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नाकारली गेली, तेव्हा त्याने शेजारीच स्वतःचा मंडप उभारला आणि त्याच्या स्वस्त पुस्तिकेत आपण असं का रंगवतो ते स्वतःच्या शब्दांत छापलं. यादीची जागा इथे भूमिकेने घेतली.

आपल्याकडे ही भूमिकेची परंपरा जोरकसपणे दिसते ती स्वातंत्र्यानंतर. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये झालं आणि त्याच्या कॅटलॉगमधलं फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं निवेदन आजही उद्धृत केलं जातं. या गटातले सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या जंगलगावी जन्मले आणि १९३९ ते १९४३ ही चार वर्षं नागपूरच्या कलाशाळेत शिकले. रझांवर पुढे इंग्रजी, हिंदी, फ्रेंच अशा भाषांत भरपूर छापलं गेलं. त्यांना घडवणाऱ्या नागपूरच्या त्या वर्षांना मराठीत जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असं माझं मत आहे.

कॅटलॉगची ताकद किती असते याचं भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे ग्रुप १८९०. बारा कलावंत, आणि नाव घेतलेलं भावनगरच्या एका घराच्या क्रमांकावरून. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीत त्यांचं एकच प्रदर्शन झालं, पंडित नेहरू उद्घाटनाला आले, आणि गट विरला. तरी साठ वर्षांनंतरही त्याची चर्चा होते, कारण त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेला मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ यांची प्रस्तावना होती आणि सोबत गटातले चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी घडवलेला जाहीरनामा होता. तेवढ्या कागदावर तो गट आजवर उभा आहे. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाचंही तसंच. कलासमीक्षक गीता कपूर यांचा कॅटलॉगमधला लेख आणि त्यातल्या सहा कलावंतांची चित्रं आता वेगळी करून पाहताच येत नाहीत. १९८७ मध्ये बडोद्याला ‘रॅडिकल’ या तरुण कलावंतांच्या गटाचं प्रदर्शन झालं, त्याचाही छापील जाहीरनामा अनिता दुबे यांचा. हे सगळं इंग्रजीत.

याच काळात पश्चिमेत एक मोठा उलटफेर झाला होता. न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनं भरवणाऱ्या सेथ सीगलॉब यांनी १९६८ मध्ये सात कलावंतांना प्रत्येकी पंचवीस पानं दिली आणि ते पुस्तक हेच प्रदर्शन, असं ठरवलं. पानं झेरॉक्स करायची होती, पण ते महाग पडलं म्हणून शेवटी ऑफसेटवर छापली गेली. पुढच्या जानेवारीत त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनात कॅटलॉग मुख्य आणि खोलीतल्या वस्तू पूरक, असा क्रम होता. कलासमीक्षक लूसी लिपर्ड यांनी १९६९ मध्ये सिएटलमध्ये एक प्रदर्शन केलं. त्याचं नाव होतं ‘५५७,०८७’, म्हणजे त्या शहराची लोकसंख्या. कॅटलॉग म्हणून त्यांनी सुट्या कार्डांचा गठ्ठा दिला. बांधणी नाही, पानांचा क्रम नाही. वाचणाऱ्याने हवी ती कार्डं ठेवावीत, हवी तशी लावावीत. डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाची पाचवी खेप १९७२ मध्ये झाली, तिचा कॅटलॉग तर कचेरीतल्या रिंग फायलीसारखा होता. पुस्तक असं मोकळं झालं, तेव्हा ते पुठ्ठ्याच्या बांधणीचं आणि जाड आर्ट पेपरचं असलंच पाहिजे ही अट गेली. आमच्यासारख्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

गावाच्या दृष्टीने निर्णायक वर्षं दोन, १९८७ आणि १९८९. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांचं काम शहरी समकालीन कलेच्या बरोबरीने मांडलं होतं. १९८७ मध्ये त्या संग्रहावर त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात परधान गोंड कलावंत ‘अनाम लोककलाकार’ राहिले नाहीत. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढ सिंह श्याम हे नाव तिथून पुढे गेलं. १९८९ मध्ये पॅरिसला जाँ-ह्युबेर मार्तँ यांनी भरवलेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ (पृथ्वीवरचे जादूगार) या प्रदर्शनात जनगढ होते. त्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक कलावंताला दोन पानं आणि एक नकाशा, आणि नकाशाच्या मध्यभागी त्या कलावंताचं ठिकाण. या प्रदर्शनावर टीका भरपूर झाली आणि त्यातली बरीच योग्यही आहे. पण जबलपुरात ज्या जमातींची माणसं ‘नमुने’ म्हणून मोजली गेली, त्याच मुलखातला माणूस सव्वाशे वर्षांनी स्वतःच्या नावाने छापला गेला आणि जग त्याच्या गावाभोवती मांडलं गेलं, हा फरक लहान नाही.

आता आपल्या चंद्रपूरकडे. राजुरा तालुक्यातलं सास्ती हे कोळसा खाणीचं गाव. प्रभाकर पाचपुते १९८६ मध्ये तिथे जन्मले, घरच्यांचं काम खाणीत. ते खैरागढला आणि मग बडोद्याला शिकले. २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊस इनिशिएटिव्हमध्ये त्यांचं खाणीवरचं प्रदर्शन झालं. २०१४ मध्ये साओ पाउलो आणि कोची, त्यानंतर इस्तंबूल इथली मोठी आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनं, आणि २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार, जो त्या वर्षी सहाही कलावंतांना विभागून मिळाला. पाचपुते बऱ्याचदा थेट भिंतीवर कोळशाने काढतात. खाणीत डोकं हरवलेली माणसं, यंत्रं झालेली जनावरं, खणून पोकळ झालेली जमीन. प्रदर्शन संपलं की भिंत पुसली जाते किंवा रंगवली जाते. म्हणजे त्यांच्या कामाचा मोठा भाग पुस्तकातल्या छायाचित्रांत आणि लेखांतच जिवंत आहे. साओ पाउलोच्या वाचकाला तो पोर्तुगीजमध्ये मिळतो, कार्डिफच्या वाचकाला इंग्रजीत. राजुऱ्याच्या वाचनालयात बसणाऱ्या पोराला स्वतःच्या तालुक्याबद्दलचं हे सगळं मराठीत वाचायला मिळायला हवं. ही मागणी मी हक्क म्हणून करतो आहे.

विदर्भाच्या गावाला छापील कागद परका कधीच नव्हता. वर्ध्याची मगनवाडी पाहा. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातकागद हा तिथल्या मुख्य उद्योगांपैकी एक. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. तिथे चरखे, तेलघाणे, अवजारं पाहायची आणि ती कशी चालतात हे समजून घेऊन जायचं. संघाची पुस्तकं आणि पत्रिका त्याच आवारातून निघत. वस्तू, ती समजावणारा माणूस आणि घरी न्यायची छोटी पुस्तिका असे तिघंही एका जागी असलेलं हे प्रदर्शन होतं, आणि ते डोळ्यांसमोर खेड्यातला माणूस ठेवून मांडलेलं होतं. समकालीन कलेच्या पुस्तकांचा इतिहास लिहिणारे मगनवाडीचा उल्लेख करत नाहीत. मला तो तिथेच असायला हवा असं ठामपणे वाटतं.

चित्रं खेड्यात पोचली ती मात्र वेगळ्या वाटेने: कॅलेंडरं आणि दिवाळी अंक. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चं मुखपृष्ठ कित्येक घरांतलं पहिलं रंगीत चित्र असेल. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचे भाऊ समर्थ यांची रेखाटनं हिंदी-मराठी मासिकांतून लोकांनी पाहिली. पुढे शाळेतल्या मुलाचा कलेच्या पुस्तकाशी संबंध उरला तो एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या मार्गदर्शकांपुरता. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. आज कुणी कलावंत आपल्या भागाबद्दल काय रंगवतो आहे, हे त्यातून कळत नाही.

छपाईचं तंत्र आणि पैसा उभा करण्याचं तंत्र मात्र गावांकडे तयार आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांचा (बैलांच्या शर्यतींचा) हंगाम सुरू झाला की नाटकांची पोस्टरं आणि हँडबिलं गावोगाव लागतात, ठळक अक्षरांतलं नाव, कलाकारांचे फोटो, गाव आणि तारीख. ते काम इतकं घाईचं आणि इतकं अचूक असतं की मोठ्या शहरातल्या प्रकाशकांनी पाहून शिकावं. दुसरी गोष्ट स्मरणिका. शाळेचा सुवर्णमहोत्सव असो की साहित्य संमेलन, विदर्भातलं गाव स्मरणिका काढतंच. संपादक मंडळ बसतं, लेख मागवले जातात, आणि खर्च निघतो तो कृषी केंद्र, राईस मिल, पतसंस्था यांच्या शुभेच्छा जाहिरातींतून. प्रदर्शनाच्या पुस्तिकेला नेमकं हेच लागतं.

अडचण दुसरीकडे आहे. कॅटलॉग बहुतेक वेळा दालन किंवा संस्था काढते, प्रती थोड्या, त्या पाहुण्यांना, संग्राहकांना आणि समीक्षकांना वाटल्या जातात. अनेकांवर किंमतच नसते, वितरक नसतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं खेड्यांपर्यंत पसरली, पण त्यांची खरेदी चालते ती विक्रेत्याच्या यादीवरून. जे पुस्तक यादीत येत नाही ते ग्रंथालयात येत नाही. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र असो, शासकीय चित्रकला महाविद्यालय असो किंवा मुंबईची खाजगी दालनं, विदर्भाशी नातं असलेल्या प्रत्येक प्रदर्शनाच्या पाच-दहा प्रती त्या कलावंताच्या तालुक्यातल्या ग्रंथालयाला पाठवायला फार खर्च येत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मराठी पुस्तिका वेगळी काढणं. सोळा पानांचा एक फर्मा, मधोमध पिन, साधा मॅपलिथो कागद. कोळशाच्या चित्रांना तर रंगीत छपाईही लागत नाही. किंवा लिपर्ड यांच्यासारखी सुटी कार्डं, जी शाळेच्या फलकावर लावता येतील आणि वर्गात वाटता येतील. डिजिटल छपाईमुळे आता पन्नास प्रतीही काढता येतात, पूर्वी ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च भरून यायला शेकडो प्रती छापाव्या लागत. मजकूर इंग्रजी कॅटलॉगचं भाषांतर नसावा. खाणीत काम केलेल्या माणसाला त्या चित्राबद्दल जे सांगायचं आहे ते त्यात यावं, वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत, तो बोलतो तसं. चित्रं छापायला परवानगी कुणाची, हा प्रश्नही वाटतो तितका अवघड नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तरी त्याचा हक्क, लेखी करून दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. छायाचित्रकाराचा हक्क तेवढा वेगळा पाहावा लागतो. कलावंताचं एक पत्र, छायाचित्रकाराचा होकार आणि जाहिराती गोळा करणारी चार माणसं एवढ्यावर राजुरा, लाखनी किंवा वडसा इथून हे काम येत्या दिवाळीआधीही सुरू करता येईल.