पॉलिमरयुक्त सिमेंट

सिमेंटच्या मसाल्यात किंवा काँक्रीटमध्ये पॉलिमरचे (रबर-प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाचे) लेटेक्स (पाण्यात विखुरलेले सूक्ष्म कण) अथवा पाण्यात पुन्हा विखुरणारी पॉलिमर भुकटी मिसळून तयार होणारा पदार्थ. नैसर्गिक रबराच्या लेटेक्सचा असा वापर १९२० च्या दशकातील ब्रिटिश पेटंटांत आढळतो. आज प्रामुख्याने स्टायरीन-ब्युटाडाइन रबर (एसबीआर), ॲक्रिलिक आणि इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट (ईव्हीए) वापरतात.

सिमेंट पाणी शोषून कठीण होऊ लागले की उरलेल्या पाण्यातले पॉलिमरकण दाटीवाटीने जवळ येतात आणि एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात. हा पापुद्रा छिद्रे अडवतो व सूक्ष्म तडे सांधून ठेवतो. त्यामुळे नमनबल (वाकवताना न तुटण्याची ताकद), ताणबल (ओढ सोसण्याची ताकद) आणि जुन्या काँक्रीटला चिकटण्याची ताकद वाढते. दाबबल (दाब सोसण्याची ताकद) मात्र फारसे वाढत नाही, अनेकदा थोडे घटतेच. तेवढ्यासाठी पॉलिमर घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. टिकाऊपणातला लाभ मोठा आहे. पाणी, क्लोराइड व कार्बन डाय-ऑक्साइड आत शिरण्याचा वेग मंदावतो आणि सळया उशिरा गंजतात.

मात्रा नेहमी घन पॉलिमरची, सिमेंटच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात: साधारण ५ ते २०, दुरुस्तीच्या मसाल्यात बहुधा १० ते १५. मात्रा फार कमी असेल तर पापुद्रा सलग होत नाही. ५० किलो सिमेंटला १० टक्के म्हणजे ५ किलो घन पॉलिमर. ५० टक्के घनांश असलेले लेटेक्स १० किलो लागेल. त्यातले ५ किलो पाणी हिशेबात धरावेच लागते. पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ ठेवायचे असेल, तर एकूण १७.५ लिटरपैकी वरून फक्त १२.५ लिटर घालायचे. कामावर सर्रास होणारी चूक इथलीच: लेटेक्सही ओततात आणि पाणीही नेहमीइतकेच.

लेटेक्समधल्या साबणासारख्या द्रव्यांमुळे मिश्रण फेसाळते. फेसरोधक नसेल किंवा यंत्रात जास्त वेळ घुसळले, तर अडकलेल्या हवेमुळे दाबबल झपाट्याने घसरते.

तराईची (सिमेंट पक्के होईपर्यंत ओल राखण्याची) रीतही वेगळी. पहिले एक-दोन दिवस ओल टिकवावी, मग हवेत वाळू द्यावे. सतत पाणी मारत राहिल्यास पापुद्रा नीट जमत नाही. थंडीत तापमान त्या पॉलिमरच्या किमान पापुद्रा-तापमानाखाली (ज्याच्या खाली पापुद्रा धरत नाही) गेले, तर कण सुटेच राहतात. उलट ऊन-वाऱ्यात पृष्ठभागावर लवकर साय धरते आणि नंतर थापी फिरवली की ती फाटते.

जुन्या काँक्रीटवर सांधलेप (नवा थर चिकटावा म्हणून आधी द्यायचा पॉलिमरचा लेप) लावला, तर तो ओला असतानाच नवा थर द्यावा. वाळलेल्या लेपावर मसाला चिकटत नाही, उलट तो लेपच सुटा थर बनतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा स्वस्त गोंद ओलाव्याच्या जागी वापरू नये. सिमेंटच्या अल्कलीत त्याचे विघटन होते व सांधा सुटतो. सतत उष्णता सोसणाऱ्या भागांतही पॉलिमरयुक्त मसाला टाळतात, कारण पॉलिमर मऊ पडला की बल उतरते.