आभासी स्मृती समायोजन (साठवण सर्व्हर)

मुख्य स्मृती आणि डिस्क यांतील पानांची (स्मृतीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) देवाणघेवाण ठरवणारी मूल्ये बदलून फाइल सर्व्हरचा प्रतिसाद सुधारण्याची पद्धत. ऐरोली, रबाळे, महापे येथील डेटा सेंटरांपासून वागळे इस्टेटमधील एकट्या फाइल सर्व्हरपर्यंत ती सारखीच लागू पडते. ही नोंद लिनक्सपुरती आहे.

आभासी स्मृतीच्या, म्हणजे डिस्कच्या आधाराने मुख्य स्मृती मोठी भासवण्याच्या कल्पनेच्या, उगमाविषयी मतभेद आहेत. मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात (१९६२) १६,३८४ शब्दांची गाभा-स्मृती (त्या काळची चुंबकीय मुख्य स्मृती) प्रत्येकी ५१२ शब्दांच्या ३२ पानांत विभागलेली होती. उरलेली पाने फिरत्या ड्रमवर असत. मात्र बर्लिनच्या फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांच्या प्रबंधात (सुमारे १९५६-५७) ही कल्पना आधीच आढळते. कल्पनेचा अग्रमान ग्युंट्श यांना आणि चालत्या यंत्राचा ॲटलासला, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

साठवण सर्व्हरवर खरा प्रश्न स्वॅपचा (स्मृतीतील कमी वापरातली पाने डिस्कवर हलवण्याचा) नसून डर्टी पानांचा, म्हणजे स्मृतीत बदललेल्या पण डिस्कवर न उतरलेल्या पानांचा असतो. डर्टी बॅकग्राउंड रेशो (या पातळीला मागे डिस्कवर लेखन सुरू होते) मुळात १० आणि डर्टी रेशो (या वरच्या मर्यादेला लिहिणाऱ्या प्रक्रियेला थांबावे लागते) २० टक्के असतो. ही टक्केवारी एकूण नव्हे, तर उपलब्ध स्मृतीची. तरीही २५६ जीबीच्या, बराचसा भाग कॅशसाठी (डिस्कवरील डेटा तात्पुरता स्मृतीत ठेवण्यासाठी) मोकळा असलेल्या सर्व्हरवर वरची मर्यादा ५० जीबीच्या आसपास जाते. डिस्कसंच सेकंदाला ५०० एमबी लिहीत असेल, तर तेवढे उतरवायला १०० सेकंद लागतात. मोठी फाइल सुरुवातीला झपाट्याने कॉपी होते आणि मग अडते, ती यामुळे. त्या वेळी मेमइन्फो (/proc/meminfo) या लिनक्सच्या स्मृती-माहितीच्या फाइलीतील ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या ओळी पाहाव्यात.

उपाय म्हणजे टक्केवारीऐवजी बाइट्सची मर्यादा: वरील संचासाठी बॅकग्राउंडला ५१२ एमबी आणि वरची २ जीबी, ही सुरुवात ठीक. बाइट्स भरताच संबंधित रेशो आपोआप शून्य दिसतो. तो बिघाड नव्हे. मूल्ये सिसकंट्रोलच्या (sysctl, कर्नलची मूल्ये बदलण्याचे साधन) स्वतंत्र फाइलमध्ये लिहावीत, नाहीतर रीबूटनंतर जातात. वीज अचानक गेल्यास डर्टी पाने नष्ट होतात. यूपीएस असला तरी मर्यादा लहान ठेवणेच इष्ट.

स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती कल ठेवायचा हे ठरवणारे मूल्य) ६० वरून १० केल्यास सेवा-प्रक्रिया स्मृतीत टिकतात. लहान फाइली लाखोंनी असतील, तर व्हीएफएस कॅश प्रेशर (फाइल-नावे व फाइलींची माहिती यांची कॅश किती लवकर सोडायची हे ठरवणारे मूल्य) १०० वरून ५० करावे. शून्य केल्यास स्मृती संपून प्रक्रिया मारल्या जाऊ शकतात.

झेडएफएस (ZFS) या फाइल प्रणालीला वरील डर्टी मर्यादा लागू होत नाहीत. तिची एआरसी (ARC) नावाची स्वतःची कॅश आणि डर्टी डेटाची मर्यादा स्वतंत्र असते.